मागचा आस किती बळकट हवा?

१. एक आस, दोन कामे

बैलगाडीच्या आसाचे काम एकच असते : भार सोसण्याचे. तो गाडीच्या तळाशी घट्ट बसविलेला असतो आणि चाके त्याच्या दोन टोकांभोवती फिरतात. गाडी ओढण्याचे बळ जुवाच्या मार्गे येते, त्यामुळे आसाला पीळ बसण्याचे कारण नसते. याच्या उलट जुन्या कारखान्यांतील छताजवळचा लांब फिरता दांडा घ्या. त्याच्यावर भार थोडा असतो, परंतु इंजिनाकडून आलेला पीळ तो सर्व यंत्रांना पोहोचवितो. मोटारगाडीच्या मागच्या आसाला ही दोन्ही कामे करावी लागतात. गाडीचे वजन त्यानेच पेलावयाचे आणि इंजिनाचा पीळ चाकांपर्यंत त्यानेच न्यावयाचा.

सपाट सडकेवर ही दुहेरी जबाबदारी तो सहज पार पाडतो. त्याची खरी परीक्षा होते ती जेथे सडक संपते तेथे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची एक खडकाळ वाट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी बनलेली जीप युद्धानंतर हौशी प्रवाशांच्या हाती आली आणि १९५३ पासून त्या वाटेवर जीपगाड्यांच्या सामुदायिक सफरी निघू लागल्या. युद्धकाळातील त्या जीपच्या इंजिनाची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती होती. पुढे हौशी मंडळींनी तिच्या वारसदार गाड्यांत त्याहून कितीतरी शक्तिमान, आठ सिलिंडरांची इंजिने बसविली, उंच टायर चढविले, आणि मग एक प्रश्न वारंवार उभा राहू लागला : एवढे बळ सोसणारा मागचा आस कोणता?

प्रश्न हौशीचा दिसला, तरी त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या यंत्रशास्त्रात आहे. शिवाय तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चढावर आस मोडला तर काही रचनांमध्ये चाकच गाडीपासून सुटून जाते.

२. आसाच्या आत काय असते?

मागच्या आसाचे लोखंडी कवच म्हणजे हाउसिंग. त्याच्या मध्यभागी फुगीर भाग असतो व त्यातून दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या निघतात. गिअरबॉक्सकडून येणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, फुगीर भागातील पिनियन या लहान दंतचक्राला फिरवितो. पिनियन क्राऊन नावाच्या मोठ्या दंतचक्राला फिरविते. येथे गतीची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात पीळ वाढतो. क्राऊनला ३९ दात व पिनियनला ८ दात असतील, तर हे गुणोत्तर सुमारे ४.८८ होते.

क्राऊनला जोडलेली दंतचक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, आणि डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची मुभा मिळते. त्यापासून दोन्ही बाजूंना निघणारे पोलादी दांडे चाकांना फिरवितात. त्यांना आपण आसदंड म्हणू. त्यांच्या आतल्या टोकाला उभ्या खाचा कापलेल्या असतात व त्या डिफरन्शियलच्या चक्रांत अडकतात.

ही सर्व अंगे एका साखळीच्या कड्या होत. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढेच.

३. अश्वशक्ती नव्हे, पीळ

एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १ न्यूटन प्रेरणा काटकोनात लावली, तर नटावर १ न्यूटन-मीटर पीळ पडतो. आस मोडतो तो या पिळाने. शक्ती ही निराळी राशी आहे. पीळ आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराने ती मिळते. म्हणून तीच शक्ती मंद गतीला प्रचंड पीळ देऊ शकते व जलद गतीला अल्प.

समजा, एका इंजिनाचा पीळ मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाला ५०० न्यूटन-मीटर आहे. त्याची शक्ती सुमारे २१० अश्वशक्ती भरते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३, चारही चाकांना गती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मंद गिअरचे २.७ आणि आसाचे ४.८८ धरू. घर्षणातील घट सोडून दिली तर चाकांशी मिळणारा एकूण पीळ असा :

५०० × ३ × २.७ × ४.८८ = सुमारे १९,७६० न्यूटन-मीटर

चाकाची त्रिज्या ०.४५ मीटर असल्यास या वेळी गाडी ताशी सुमारे १३ किलोमीटर चालत असते. हीच शक्ती ताशी १०० किलोमीटर वेगाला वापरली, तर चाकांशी पीळ सुमारे २,५५० न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ एक-अष्टमांश, उरतो. सडकेवर भरधाव धावताना टिकलेला आस खडकावर गोगलगायीच्या गतीने चढताना का मोडतो, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

४. मर्यादा जमीन ठरविते

मग आसाने १९,७६० न्यूटन-मीटर सोसले पाहिजेत काय? तसे नाही. चाक जमिनीला जितके घट्ट धरून राहील तितकाच पीळ आसात उतरू शकतो. पकड सुटली की चाक जागीच फिरू लागते व पीळ त्यापुढे वाढत नाही. पकडीची मर्यादा तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : चाकांवरील भार, टायर व जमीन यांमधील घर्षणगुणांक आणि चाकाची त्रिज्या.

उभ्या चढणीवर गाडीचा बराच भार मागे सरकतो. मागच्या आसावर १,५०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १४,७०० न्यूटन भार आहे व कोरड्या खडकावर घर्षणगुणांक १ आहे असे धरले, तर :

१४,७०० × १ × ०.४५ = सुमारे ६,६०० न्यूटन-मीटर

इंजिन याच्या जवळजवळ तिप्पट पीळ देऊ शकते, परंतु जमीन तो घेऊ देत नाही. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. याच गाडीत दुप्पट शक्तीचे इंजिन बसविले, तरी मंद चढाईतील ही मर्यादा बदलत नाही. उलट इंजिन तेच ठेवून टायरची त्रिज्या ०.३५५ मीटरवरून ०.४५ मीटर केली, की आसावरचा संभाव्य पीळ सव्वापटीहून किंचित अधिक होतो. टायर उंच करणारा मनुष्य आपल्या आसाच्या बळात हात घालतो, याची त्याला पुष्कळदा जाणीव नसते.

अर्थात, शक्तिमान इंजिन निर्धोक असते असा याचा अर्थ नव्हे. जागीच वेगाने फिरणारे चाक उसळून खाली आले आणि खडकावर एकदम रुतले, तर फिरत्या भागांतील साठलेली सर्व ऊर्जा क्षणार्धात आसदंडावर आदळते. असा धक्का वरील स्थिर हिशेबाच्या पुष्कळ पुढे जातो. इंजिन जितके जोरकस, तितके चाक अधिक वेगाने फिरते व धक्का अधिक मोठा बसतो. म्हणून हिशेबाने आलेल्या आकड्यावर भरघोस राखीव बळ ठेवावे लागते.

५. डिफरन्शियल जखडल्यावर

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच पीळ देते. एक चाक हवेत लोंबकळले तर त्याला फिरविण्यास नाममात्र पीळ पुरतो. जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो आणि गाडी अडून बसते. यावर उपाय म्हणून खडकाळ वाटेवरच्या गाड्यांत डिफरन्शियल जखडण्याची यंत्रणा, म्हणजे लॉकर, बसवितात. तिने दोन्ही आसदंड एकाच वेगाने फिरू लागतात.

गाडी चालू लागते खरी, पण आता पिळाची समान वाटणी संपते. मागचा सर्व भार एकाच चाकावर आला, तर ६,६०० न्यूटन-मीटर पीळ एकट्या आसदंडातून जातो. पूर्वी प्रत्येकाच्या वाट्याला याच्या निम्मा येत होता. यास्तव लॉकर बसविण्यापूर्वी आसदंडांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

६. जाडीचा घन

भरीव गोल दांड्याचे पीळ सोसण्याचे बळ त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचे कारण असे की, पिळाला विरोध मुख्यतः पृष्ठभागाजवळचे द्रव्य करते. गाभ्यातील द्रव्य मध्यरेषेच्या जवळ असल्यामुळे त्याचा उपयोग अल्प होतो. म्हणून जाडीतील थोडी वाढ बळात मोठी वाढ घडविते.

अमेरिकन बाजारातील तीन प्रचलित आसदंडांचे व्यास सुमारे २९.६, ३३.३ आणि ३८.१ मिलिमीटर आहेत. पहिल्याचे बळ १ धरले तर दुसऱ्याचे सुमारे १.४ व तिसऱ्याचे २.१ होते. जाडी तीस टक्क्यांहूनही कमी वाढली आणि बळ दुपटीच्या वर गेले.

वरील ६,६०० न्यूटन-मीटर पीळ एकाच दांड्यावर आला, तर त्याच्या पृष्ठभागावरील कातर प्रतिबल पुढीलप्रमाणे निघते :

२९.६ मिमी : सुमारे १,३०० मेगापास्कल
३३.३ मिमी : सुमारे ९१० मेगापास्कल
३८.१ मिमी : सुमारे ६१० मेगापास्कल

उष्णोपचार केलेले उत्तम मिश्र पोलाद ओढीत सुमारे १,१०० मेगापास्कलपर्यंत कायमचे न ताणता टिकते असे धरले, तर पिळातील कातर प्रतिबल त्याला त्याच्या सुमारे ५८ टक्के, म्हणजे ६४० मेगापास्कलच्या आसपास सोसते. पहिले दोन दांडे ही सीमा ओलांडतात. तिसरा कसाबसा आत राहतो, पण त्याच्यापाशीही धक्क्यासाठी राखीव बळ फारसे उरत नाही. शिवाय खाचांच्या तळाशी व्यास थोडा कमी भरतो व खाचेच्या कोपऱ्यात प्रतिबल एकवटते. मोडलेला आसदंड बहुधा खाचा संपतात त्याच जागी तुटलेला सापडतो, तो यामुळेच. म्हणून चांगल्या आसदंडात खाचांचा भाग जाड ठेवून मधला भाग किंचित बारीक करतात. मधला लांब भाग स्प्रिंगसारखा थोडा पिळतो व धक्का पचवितो.

७. दातांवरचा दाब

आसदंड जाड केले की साखळीची कमकुवत कडी पुढे सरकते, बहुधा क्राऊन व पिनियन यांच्याकडे. क्राऊनचा व्यास जितका मोठा, तितका त्याच पिळासाठी दातांवरचा दाब कमी. २१६ मिलिमीटरच्या क्राऊनऐवजी २४८ मिलिमीटरचा घेतला, तर दाब सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो आणि दातही अधिक भरदार करता येतात.

गुणोत्तराचाही येथे संबंध येतो. उंच टायरांमुळे मंदावलेली गाडी पुन्हा चपळ व्हावी म्हणून अधिक गुणोत्तराची जोडी घालतात. ४१ आणि १० दातांच्या जोडीऐवजी ३९ आणि ८ दातांची जोडी घातली, तर गुणोत्तर ४.१ वरून ४.८८ होते, पण पिनियन लहान होते. फार मोठे गुणोत्तर आसातच मिळविण्यापेक्षा त्याचा काही वाटा ट्रान्सफर केसवर सोपविणे अशा वेळी शहाणपणाचे ठरते.

दाब फार वाढला की दात पिनियनला दूर ढकलतात, दोन्ही चक्रे नीट जुळत नाहीत आणि दातांचे तुकडे उडतात. बहुतेक आसांत पिनियनला एकाच बाजूने दोन बेअरिंगांचा आधार असतो. काही आसांत दातांच्या पलीकडे तिसरे बेअरिंग देऊन पिनियन दोन्ही बाजूंनी धरलेले असते. ही रचना निःसंशय अधिक ताठ होय.

८. भार कोणी वाहावा?

आता आरंभीच्या बैलगाडीकडे वळू. सामान्य मोटारीत चाक थेट आसदंडाच्या बाहेरच्या टोकाला बसविलेले असते. त्यामुळे आसदंडाला पीळही सोसावा लागतो आणि गाडीच्या भाराने येणारा वाकही. हा अर्धतरंगी आस. यांपैकी काहींत आसदंड जागेवर राहतो तो डिफरन्शियलमध्ये असलेल्या, इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या लहानशा चापीमुळे. असा आसदंड मोडला की त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि तुटका दांडा चाकासह बाहेर सरकू शकतो. उतारावर किंवा वेगात असताना हा प्रसंग प्राणावर बेतणारा आहे.

दुसऱ्या रचनेत चाकाचा तुंबा हाउसिंगच्याच टोकावर दोन बेअरिंगांवर फिरतो. भार हाउसिंग वाहते, अगदी बैलगाडीच्या आसासारखे. आसदंड नळीच्या आतून येऊन तुंब्याला केवळ फिरवितो. हा पूर्णतरंगी आस होय. दोन कामे येथे दोन अंगांत वाटली गेली आहेत. आसदंड मोडला तरी चाक जागच्या जागी राहते. पुढच्या आसाची गती शाबूत असल्यास मोडका दांडा उपसून काढून गाडी हळूहळू वस्तीपर्यंत आणता येते. मालवाहू गाड्यांत ही रचना सर्रास आढळते. युद्धकाळातील जीपचा मागचा आसही पूर्णतरंगीच होता.

९. काही परिचित आस

अमेरिकेत अशा गाड्यांसाठी पुढील आस विशेष परिचित आहेत.

डाना ३५ : क्राऊन सुमारे १९२ मिलिमीटर, आसदंडाला २७ खाचा. हलक्या जीपगाड्यांसाठी योग्य, पण उंच टायर व लॉकर यांच्या जोडीपुढे अपुरा.

डाना ४४ : क्राऊन सुमारे २१६ मिलिमीटर, बहुधा ३० खाचा व ३३ मिलिमीटरचे आसदंड. मध्यम टायर व मध्यम वजन यांसाठी समाधानकारक.

फोर्ड ९ इंची : १९५७ ते १९८६ या काळात फोर्ड गाड्यांत बसविला गेला. क्राऊन २२९ मिलिमीटर. पिनियनला तिसरे बेअरिंग आहे आणि दंतचक्रांचा सर्व संच समोरून एकत्र बाहेर काढता येतो. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या बरेच खाली असल्याने दातांची गाठ अधिक पडते व बळ वाढते, मात्र घासणीत शक्तीचा थोडा अधिक व्यय होतो. मूळचे आसदंड अर्धतरंगी.

डाना ६० : क्राऊन सुमारे २४८ मिलिमीटर. मालवाहू पिकअप गाड्यांत बहुधा पूर्णतरंगी स्वरूपात आढळतो. याचे ३५ खाचांचे आसदंड सुमारे ३८ मिलिमीटर जाडीचे असतात, तथापि याच नावाखाली बारीक दांड्यांचे प्रकारही आहेत.

जनरल मोटर्सचा चौदा बोल्टी, साडेदहा इंची आस : क्राऊन २६७ मिलिमीटर, पूर्णतरंगी, पिनियनला तिसरे बेअरिंग. फार बळकट, पण जड, आणि मधला फुगीर भाग खाली लोंबणारा.

या यादीतून एक सावधगिरी शिकण्याजोगी आहे. डाना ४४ आणि चौदा बोल्टी आस या दोहोंच्या आसदंडांना ३० खाचा असतात, परंतु दुसऱ्याच्या खाचा मोठ्या असून दांडा कितीतरी जाड असतो. खाचांची संख्या किंवा आसाचे नाव यांवर विसंबू नये. व्यास मोजून पाहावा.

१०. अतिरेकही नको

मग सर्वांत जड आस घेतला म्हणजे झाले काय? तसेही नाही. आस स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे त्याचे वजन प्रत्येक खड्ड्यात चाकाबरोबर वरखाली उसळते आणि जड आस टायरला जमिनीशी चिकटून राहू देत नाही. त्याचा फुगीर भाग खडकाला अडतो. मालवाहू गाडीचा आस रुंद असतो, त्याची चाके निराळ्या बोल्टांची असतात. दुसऱ्या बाजूने पाहता, त्याच्याबरोबर मोठे ब्रेक येतात, व उंच आणि जड टायर थांबविण्यास ते हवेच असतात.

निवडीचा क्रम असा असावा. प्रथम टायरची त्रिज्या व चढावर मागे येणारा भार ठरवावा. त्यावरून पकडीचा पीळ काढावा. लॉकर असेल तर तो सगळा एका आसदंडावर धरावा. धक्क्यासाठी राखीव बळ मिळवून आसदंडाचा व्यास, त्यानंतर क्राऊनचा आकार आणि शेवटी हाउसिंग पाहावे. इंजिनाच्या अश्वशक्तीचा आकडा या क्रमात धक्क्याच्या अंदाजापुरताच येतो. जाणते कारागीर आणखी एक विचार करतात : मोडावयाचेच असेल तर काय मोडावे? प्रोपेलर शाफ्टचा बाहेरून बदलता येणारा सांधा मोडला तर अर्ध्या तासाचे काम. क्राऊन-पिनियन मोडले तर सफर संपली.

भारतातील वाचकांनी हेही ध्यानात ठेवावे की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत होतील असे फेरफार गाडीत करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मर्यादा आहे. हिशेब मात्र ट्रॅक्टरला, मालमोटारीला आणि डोंगरी वाटेवरच्या जीपला सारखाच लागू पडतो : आसाचे माप इंजिनापासून खाली न घेता जमिनीपासून वर घ्यावे.

प्रश्न

१. मागच्या आसावरील भार १,२०० किलोग्रॅम, घर्षणगुणांक ०.८ व चाकाची त्रिज्या ०.४ मीटर असल्यास पकडीचा पीळ किती?
२. आसदंडाचा व्यास ३० मिलिमीटरवरून ३६ मिलिमीटर केल्यास त्याचे बळ किती पट होईल?
३. ओल्या मातीत घर्षणगुणांक कमी असतो. मग चिखलापेक्षा कोरड्या खडकावर आस अधिक वेळा का मोडतात?
४. पूर्णतरंगी आसाचा कोणता भाग बैलगाडीच्या आसाचे काम करतो?